घराची जागा आणि नियमातली सूट

मंडळी, घर बांधायला निघालेल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पैसा कोठून आणावा हा पहिला. तो ज्याचा त्याने सोडवायचा. दुसरा असा की, जागा माझी, कागद माझ्या नावाचे, मग भिंत येथे घाल आणि तेथे घालू नको हे सांगणारे सरकार कोण? या दुसऱ्या प्रश्नावर थोडे बोलू.

घराच्या चारी बाजूंनी जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला कचेरीच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट साधी आहे. माझी भिंत तुमच्या खिडकीला टेकली, तर तुमच्या घरात वारा येणार नाही आणि उजेडही येणार नाही. उन्हाळ्यात एका छपराला आग लागली, तर दुसरे वाचणार नाही. पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे यावरून गावोगाव किती तंटे चालतात, हे मी सांगायला नको.

पण नियम होतो सरळ चौकोनी जागेकडे पाहून, आणि सगळ्यांच्या जागा काही चौकोनी नसतात. समजा, एका गृहस्थाचा प्लॉट नाल्याच्या वळणामुळे पुढे पंचवीस फूट रुंद आणि मागे जेमतेम बारा फूट आहे. दोन्ही बाजूंनी नियमाचे अंतर सोडले, तर मागच्या भागात बाजही धड मावायची नाही. याने काय करावे? चोरून बांधावे? की जागा पडीक ठेवावी?

दोन्ही नको. अशा माणसासाठी कायद्यातच एक दार ठेवलेले असते. हा विचार केवळ आपल्याकडचा नव्हे. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली इमारतींचे विभागवार नियम केले, तेव्हाच अडलेल्या जागांचे अर्ज ऐकायला वेगळे मंडळही नेमले. आपल्याकडे १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच एकत्रित नियमावली आली. तिच्यात म्हटले आहे की, उघड दाखवता येईल अशी अडचण असेल, तर बांधकामाची ठरलेली मापे खास बाब म्हणून शिथिल करता येतात. शर्त एवढीच की, त्यामुळे राहणाऱ्यांच्या व शेजाऱ्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या बचावाला, इमारतीच्या मजबुतीला आणि एकंदर सुरक्षिततेला बाध येता कामा नये. ही नियमावली जेथे लागू आहे, त्या ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो.

‘उघड दाखवता येईल अशी अडचण’ हे शब्द नीट ध्यानात घ्या. अडचण जागेची हवी, मालकाची नव्हे. ‘मुलाचे लग्न ठरले आहे, एक खोली वाढवायची आहे’ ही गरज खरी आहे, पण ती जागेची अडचण नव्हे. जागा तिरकी आहे, मधून जुनी विहीर आहे, एका अंगाला दरड आहे, ही झाली अडचण. अमेरिकेत तर असा संकेत आहे की, अडचण आपली आपण ओढवून घेतलेली असू नये. तो आपणही मनाशी धरावा असे मला वाटते. चौघा भावांनी वाटणी करताना जागेच्या चार लांबट पट्ट्या पाडायच्या आणि मग पट्टी अरुंद म्हणून सूट मागायची, याला काय म्हणावे? वाटणीच्या दिवशीच फीत धरून पाहिलेली बरी.

आता सूट कशाला मिळत नाही, ते सांगतो. रस्त्याच्या बाजूने सोडायचे अंतर, प्लॉटच्या मानाने करता येणारे एकूण बांधकाम आणि वाहने उभी करायची जागा, या तिन्हींत नियमावलीतच वेगळे काही म्हटले नसेल, तर सूट देता येत नाही. मेडशीसारख्या गावाला यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची. मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावर आहे, आणि हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आहे. त्याचे चौपदरीकरण अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम अशा तुकड्यांनी हाती घेण्यात आले. रस्ता रुंद होतो तेव्हा काठावरच्या भिंतीचे काय होते, हे या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मोकळ्या मुलखात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरण्याचा प्रघात आहे. आपल्या जागेपुरती रेषा कोठे येते, ते महामार्गाच्या कचेरीकडून लेखी घ्यावे. दुकान रस्त्याला जितके जवळ तितके गिऱ्हाईक जास्त, हा हिशेब चुकीचा नाही. पण तो भिंत टिकली तर.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वावरात घर बांधायचे म्हणजे जमिनीचा वापर बदलायचा; त्याला आपण एन.ए. म्हणतो, आणि तो महसूल खात्याचा विषय आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली ती वाट २०१७ पासूनच्या दुरुस्त्यांनी बरीच सोपी होत गेली. आजचा नियम तलाठ्याकडे किंवा तहसिलीत विचारून घ्यावा. मापात सूट मागणे ही वेगळी गोष्ट. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर गेला, की महिने जातात. आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या, म्हणजे आपला गट कोणत्या विभागात मोडतो ते कळेल.

कागदांत सगळ्यात मोलाचा कागद मोजणीचा नकाशा. मोजणीशिवाय अडचण दाखवताच येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या जागेची २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढून घ्यावी.

आणि गुरुजी, येथे तुमचे काम आहे. गावात अर्ज पुष्कळदा तुम्हीच लिहून देता. मायबाप सरकारने दया करावी, असे लिहू नका. असे लिहा: ‘गट क्रमांक अमुक. नकाशाप्रमाणे मागची रुंदी इतकी. दोन्ही बाजूंचे अंतर सोडल्यास बांधकामास इतकीच रुंदी उरते. म्हणून पूर्वेकडील अंतर इतक्याऐवजी इतके ठेवण्यास परवानगी मिळावी. पश्चिमेकडील व रस्त्याकडील अंतर नियमाप्रमाणे सोडले आहे.’ कमीत कमी जेवढी सूट पुरेल तेवढीच मागा. नकाशा जाणत्या वास्तुविशारदाकडून किंवा परवानाधारक अभियंत्याकडून काढून घ्या. पूर्वेच्या शेजाऱ्याला अर्ज देण्याआधी भेटा. त्याची लेखी संमती म्हणजे परवानगी नव्हे, पण पुढची अर्धी कटकट तेथेच मिटते.

सूट मिळाली, तर तिला अटी जोडलेल्या असू शकतात, पैसेही भरावे लागू शकतात. नाकारली, तर कारणासह लेखी उत्तर मागा; त्यावाचून पुढे दाद कशाच्या आधारे मागणार? आणि आदेश हाती पडेपर्यंत पाया खणू नका. तोंडी ‘होऊन जाईल’ कोणीही म्हणतो.