कागदावरचे ॲव्हरेज, भीमाशंकरचा चढ

गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती?’ पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या संस्थेने प्रमाणित केलेला आकडा कंपनी सांगते. नारायणगाव-मंचर रस्त्यावर तो मिळाला नाही, की फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण हा आकडा त्या रस्त्यासाठी नसतोच.

गाडी चासी डायनॅमोमीटरवर (चाके जागच्या जागी फिरू देणारे रोलर) सुमारे वीस मिनिटे ठरावीक वेगक्रमाने चालते. एसी बंद, कमाल वेग ताशी 90 किलोमीटर. बियाण्याच्या चाचणी-प्लॉटातला उतारा आणि आपल्या रानातला उतारा यांत असतो तसाच हा फरक. प्लॉटातला आकडा दोन वाणांची तुलना करायला फार मोलाचा, आपल्या पिकाची हमी मात्र नव्हे.

मोठ्या इंजिनात ही तफावत खिशाला जास्त जाणवते. 2016 मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँगचे इंजिन 5 लिटरचे, आठ सिलिंडरचे. मंचरच्या गर्दीत ती खोळंबली, तरी आठही सिलिंडर पेट्रोल जाळत राहतात आणि अंतर मात्र शून्य! घोडेगावहून भीमाशंकरला चढताना गाडीचे सगळे वजन वर न्यावे लागते. उतरताना त्यातली बरीच ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. मोकळ्या महामार्गावर वेग 80 वरून 100 केला, की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो.

खरे ॲव्हरेज काढायला टाकी पूर्ण भरावी, नेहमीसारखी गाडी वापरावी आणि पुन्हा पूर्ण भरावी. 350 किलोमीटरला 50 लिटर लागले, तर ॲव्हरेज 7.