जुन्या ट्रकची किल्ली

अमेरिकेंतील लहान गांवांत अनेक घरांपुढें एक जुना पिकअप ट्रक उभा दिसतो. पुढें दोघां-तिघांना बसण्याची जागा, मागें उघडा हौदा आणि उन्हानें विटलेला रंग. शेवरोले कंपनीनें 1967 पासून 1972 पर्यंत काढलेले सी-10 जातीचे ट्रक यांत विशेष लोकप्रिय आहेत. शेवरोले हें नांव मुंबईकरांसही परकें नाहीं. शिवडी येथें जनरल मोटर्सच्या कारखान्यांत 1928 पासून कांहीं वर्षें या मोटारींची जुळणी होत असे. तिकडे आजोबांनीं अशा ट्रकमधून गवत वाहिलें, वडिलांनीं लांकूड वाहिलें, आणि आतां नातू सुटीच्या दिवशीं तो घासून-पुसून रस्त्यावर आणतो. नातवाची रोजची मोटार मात्र नव्या युगाची असते. तिची किल्ली खिशांतच राहते; ब्रेकवर पाय ठेवून बोटानें कळ दाबली कीं इंजिन चालू होतें. हीच सोय आजोबांच्या ट्रकला कां नसावी, असें त्याला वाटूं लागतें. आणि ती करून देणारे तयार संच बाजारांत मिळतातही.

काम फार अवघड नाहीं. विजेच्या तारांची ओळख असलेल्या माणसास तें साधण्यासारखें आहे. परंतु किल्ली काढून टाकण्यापूर्वीं ती आजवर कोणकोणतीं कामें मुकाट्यानें करीत होती, याचा हिशेब मांडला पाहिजे. घरांतला जुना गडी सोडून गेल्यावर त्याचीं कामें कोणाकडे गेलीं हें पाहिलें नाहीं, तर एके रात्रीं दाराला कडी लावावयाचीच राहून जाते. किल्लीचेंही तसेंच आहे.

कळ दाबून इंजिन चालू करणें ही मुळीं नवलाई नव्हे. मोटारीच्या बाल्यावस्थेंत पुढून हँडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर हँडल उलटें उसळे आणि मनगट मोडे. म्हणून हँडल धरतांना आंगठा चार बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीप्रमाणें उलट बाजूनें वळवूं नये, असा धडा नव्या चालकास दिला जाई. चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसला, तेव्हां हें संकट टळूं लागलें. त्यानंतर कित्येक वर्षें अनेक मोटारींत किल्लीनें प्रवाह सोडावयाचा आणि पायाजवळची किंवा समोरच्या फळीवरची कळ दाबून स्टार्टर फिरवावयाचा, अशी कामाची वांटणी होती. 1949 सालच्या मोटारींत क्रायस्लर कंपनीनें किल्लीच पुढें फिरवून इंजिन चालू करण्याची रीत आणली. हळूहळू ती सर्वत्र रूढ झाली, आणि सारा कारभार एकट्या किल्लीच्या हातीं आला.

हा कारभार चार प्रकारचा आहे. पहिलें काम, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला आणि इतर उपकरणांना बॅटरीचा प्रवाह देणें. दुसरें, स्टार्टर फिरविणें. तिसरें, इंजिन बंद करणें. चौथें काम डोळ्यांना दिसत नाहीं, पण सर्वांत महत्त्वाचें तेंच: गाडी कोणीं चालवावी याची परवानगी देणें. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या हातीं गाडी. पहिलीं तीन कामें तारा आणि रिले करूं शकतात. चौथ्यासाठीं कांहींतरी वेगळी युक्ति लागते, आणि तेथें नभोवाणीचेंच तत्त्व कामास येतें.

संचांत एक नियंत्रक पेटी, एक कळ आणि खिशांत ठेवावयाची एक चकतीवजा किल्ली असते. चांगल्या संचांतील पेटी गाडीच्या आंत अल्प शक्तीच्या लहरी सोडते. या लहरींची कंपनसंख्या सेकंदास सुमारें सव्वा लक्ष असून त्यांचा पल्ला थोड्याच फुटांचा असतो. खिशांतील चकतीला त्या लागतांच ती जागी होते आणि स्वतःच्या इवल्याशा प्रेषकावरून सांकेतिक आंकडा उलट धाडते. आंकडा ओळखीचा निघाला, तरच पेटी कळेला दाद देते. उत्तम व्यवस्थेंत हा आंकडा प्रत्येक वेळीं बदलतो. त्यामुळें कोणीं तो चोरून टिपला तरी दुसऱ्या वेळीं त्याचा उपयोग होत नाहीं. स्वस्त संचांत पुष्कळदां एकच आंकडा कायम असतो. असा संच घेणें म्हणजे कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखें आहे.

आतां जोडणी. आरंभीं बॅटरीचें ऋण टोक सोडवून ठेवावें. जुन्या खटक्याच्या मागें जाणाऱ्या तारांपैकीं कोणती बॅटरीकडून येते, कोणती कॉइलकडे, कोणती स्टार्टरकडे आणि कोणती दिवे-पंख्यांकडे जाते, हें दिवा लावून तपासावें. केवळ रंगावर विसंबूं नये, कारण पन्नास वर्षांत त्या तारांना कितीतरी हात लागलेले असतात. इंजिन फिरवितांना स्टार्टर शंभराहून अधिक अँपियर प्रवाह ओढतो. पण तो बॅटरीपासून जाड तारेनें परस्पर जातो, आणि खटक्यानें फक्त त्याचें दार उघडावयाचें असतें. तेवढा प्रवाहही नाजुक कळेंतून न नेतां रिलेमार्फत न्यावा, आणि नव्या मुख्य तारेला बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. फ्यूज नसलेली तार घांसून उघडी पडली, तर आग लागावयास वेळ लागत नाहीं.

या ट्रकच्या बाबतींत एक खुबी विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. खटक्यापासून कॉइलकडे जाणारी तार मुद्दाम विरोध करणाऱ्या धातूची केलेली असते. त्यामुळें इंजिन चालत असतां कॉइलला 12 व्होल्टांपेक्षां कमी दाब मिळतो. चालू करण्याच्या क्षणीं मात्र स्टार्टरजवळून दुसऱ्या तारेनें बॅटरीचा दाब थेट दिला जातो, म्हणजे थंड इंजिनांत ठिणगी जोरदार पडते. उत्साहाच्या भरांत कोणीं ती विरोधी तार काढून साधी तार घातली, तर ट्रक त्या दिवशीं झकास चालतो. पण पुढें कॉइल तापते, काँटॅक्ट पॉइंट जळतात, आणि दोष बिचाऱ्या नव्या कळेवर येतो.

याहून गंभीर प्रश्न गिअरचा आहे. हातानें गिअर बदलण्याच्या त्या काळच्या अनेक ट्रकांत, क्लच दाबल्यावांचून स्टार्टर फिरूं नये अशी अटकाव-व्यवस्था नसे. किल्ली असे तोंवर ती खुंटीवर टांगलेली असे आणि मुलांचा हात तिला पोंचत नसे. कळ मात्र समोर चमकत असते. बापाचा कोट गाडींत राहिला आहे, खिशांत चकती आहे, ट्रक पहिल्या गिअरमध्यें उभा आहे, आणि सहा वर्षांच्या मुलानें कळ दाबली, तर ट्रक जागचा पुढें उडी घेईल. म्हणून क्लचच्या पायटीला एक खटका बसवून स्टार्टरची तार त्यांतूनच न्यावी. आपोआप गिअर बदलणाऱ्या ट्रकांत न्यूट्रलचा खटका मुळांतच असतो. त्याला वळसा घालून तार नेऊं नये.

चालू करण्याइतकाच बंद करण्याचाही विचार हवा. 2009 सालच्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांत सॅन डिएगोजवळ एका कळेच्या मोटारीचा वेग आवरेना, आणि आंतील चौघेही प्राणास मुकले. पायाखालची चटई प्रवेगकाच्या पायटींत अडकली होती. त्या मोटारींत धांवतें इंजिन बंद करण्यास कळ सतत तीन सेकंद दाबून धरावी लागे. परक्या मोटारींत, प्राणांतिक घाईंत, हें कोणास सुचावें? उलट कांहीं स्वस्त संचांत ब्रेकवर पाय असतां कळेला नुसता स्पर्श झाला कीं इंजिन थांबतें. मग सुकाणू जड होतें आणि ब्रेकची शक्ति एक-दोन दाबांत ओसरते. अपघातानें बंद पडूं नये, पण संकटांत बंद करतां यावें, असा मेळ साधलेलाच संच निवडावा, आणि ती कृति घरांतल्या प्रत्येक चालकास आधींच शिकवून ठेवावी.

किल्ली हातांत आली म्हणजे इंजिन थांबलें, ही शंभर वर्षांची संवय मोडते, त्याचेही परिणाम आहेत. घराला लागून असलेल्या गॅरेजांत मोटार चालूच राहते, माणसें आंत जाऊन निजतात, आणि गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायु घरांत पसरतो. 2006 पासून अशा तऱ्हेनें अमेरिकेंत चोविसांहून अधिक माणसें दगावलीं, असें न्यू यॉर्क टाइम्सनें 2018 सालीं छापलें. जुन्या ट्रकचा आवाज मोठा म्हणून भय कमी असलें, तरी नाहींसें होत नाहीं.

चोरांनींही ही विद्या आत्मसात केली आहे. झुरिक येथील संशोधकांनीं 2011 सालीं दाखवून दिलें कीं, घरांत ठेवलेल्या चकतीचा आणि बाहेर उभ्या मोटारीचा संवाद मधल्या दोन यंत्रांनीं लांबवितां येतो, आणि मोटारीला किल्ली जवळच आहे असें वाटतें. त्यांनीं तपासलेल्या दहाही मोटारी या युक्तीला बळी पडल्या. चकती रात्रीं घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवणें हा त्यावर साधा उपाय आहे.

म्हणून विचारी कारागीर मधला मार्ग पत्करतात. फळीवरची किल्ली ते काढीत नाहींत. किल्ली फिरविली कीं प्रवाह सुटतो, आणि कळ दाबली कीं स्टार्टर फिरतो; रिले एक, तारा चार, आणि चकतीचा सेल संपल्याची भीति नाहीं. जनरल मोटर्सनें 1969 सालच्या मोटारींपासून किल्ली सुकाणूच्या खांबावर नेली आणि तिला सुकाणू अडकविणारी खीळ जोडली. अशा गाडींत तर ही मर्यादा अधिकच पाळावी. कारण ती खीळ अर्धवट मोडून ठेवली आणि वळणावर अडकली, तर काय होईल हें सांगावयास नको.

नातवाला कळ मिळते, आजोबांची किल्लीही जागेवर राहते. 1949 पूर्वींच्या मोटारींची रीत थोडीबहुत हीच होती. नवी सोय जरूर आणावी. पण जुन्या वस्तूला रजा देण्यापूर्वीं तिचीं सारीं कामें कोणी पत्करलीं आहेत, याची खात्री करून घ्यावी.