रुंद तक्ता, साधा एडिटर आणि काही गैरसमज

साठ-सत्तर रकान्यांची सीएसव्ही फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की पडद्यावर स्वल्पविरामांचा नुसता काला दिसतो आणि ‘फाइल करप्ट झाली’ अशी बोंब उठते. फाइल धडधाकट असते. वर्ड रॅप चालू असल्यामुळे एकच लांब ओळ मोडून पाच-सहा ओळींत दिसते, एवढंच. विंडोजवर व्हीएस कोडमध्ये ऑल्ट आणि झेड दाबा, व्हिममध्ये ‘सेट नोरॅप’ करा; ओळ सरळ होते.

मग रकाने एकाखाली एक दिसावेत म्हणून काही जण स्पेस भरत बसतात. स्पेसनं काय बिघडतं, असा त्यांचा समज. २००५ च्या आरएफसी ४१८० नुसार स्पेस हा रकान्यातल्या मजकुराचाच भाग आहे. त्यामुळे ‘पुणे’ आणि मागे स्पेस चिकटलेलं ‘पुणे’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावं होतात. त्यापेक्षा रेनबो सीएसव्ही हे एक्स्टेन्शन बरं: फाइलला हात न लावता रकान्यांना वेगवेगळे रंग देतं.

मराठी मजकुरात तर स्पेस भरूनही रकाने जुळत नाहीत. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे दहा कोड होतात, कारण काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. एडिटर मोजतो एक आणि फॉन्ट रंगवतो दुसरंच.

‘एवढा व्याप कशाला, एक्सेलमध्ये उघडा’ हा सल्ला हमखास मिळतो. नुसतं पाहायला ठीक. पण नेहमीच्या सेटिंगवर उघडून सेव्ह केलंत, तर मुंबईचा एसटीडी कोड ०२२ चा २२ होतो आणि सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य. जनुकांच्या नावांच्या तारखा होऊ लागल्यावर त्यांचं नामकरण करणाऱ्या समितीनं शेवटी नावंच बदलली. ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’ झालं. सॉफ्टवेअरपुढे विज्ञानानं मान तुकवावी, हे अजबच!

एक ओळ म्हणजे एक नोंद, हेही नेहमी खरं नसतं. अवतरणचिन्हांत टाकलेला पत्ता तीन ओळींचा असू शकतो आणि त्यात स्वल्पविरामही असू शकतात. म्हणून एखादी किंमत सुधारायला एडिटर उत्तम. अख्खा रकाना गाळायचा किंवा हलवायचा असेल, तर पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलवर सोपवा आणि आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा.