नळदुर्ग : बोरीच्या पाण्याने राखलेला किल्ला

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पण मुरुडच्या जंजिऱ्याला जसे समुद्राने राखले, तसे नळदुर्गला बोरी नदीने राखले. फरक एवढाच, की जंजिऱ्याभोवतीचे पाणी निसर्गाचे, तर नळदुर्गचे माणसाने अडवलेले.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यात हा किल्ला उभा आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरीवर दगडी बांध घातला गेला. या बांधाने मुख्य किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ जोडले. तटाखाली पाणी तुंबले, त्यामुळे त्या बाजूने शत्रूला भिडणे अवघड झाले. बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी धो धो कोसळते, तरी महालात उभा असलेला माणूस कोरडाच! पाझर तलावाचा सांडवा वाहून गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हे काम एकदा बघून यावे. पाणी नाही त्या बाजूला भक्कम तट आणि बुरूज. उंच उपळ्या बुरुजावर आजही दोन लांब तोफा आहेत.

पुलाने लढाई ठरवली

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गला निजामाचे पायदळ होते. बोरीवरचा पूल उडवला गेला असता, तर फौजेची वाट तिथेच अडली असती. पण सातव्या ब्रिगेडने शत्रूला गाफील गाठून पूल धड ताब्यात घेतला आणि शीख पलटणीने ठाणे काबीज केले. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्या जळकोटात होत्या, तर दुपारी उमरग्यात. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

म्हणजे दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : बोरी कोण ओलांडतो? आधी बांधाने वाट रोखली, पुढे पुलाने ती मोकळी केली.

आता राखायचे कोणी?

आज शत्रू वेगळा आहे. सांध्यात पिंपळ रुजतो, मुळे दगड फोडतात. निखळलेला दगड 'गोठ्याच्या पायाला बरा' म्हणून कोणी उचलला, की वरचाही सैल होतो. गावोगावच्या गढ्यांचेही तेच. पांढरी माती धाब्याला नेता नेता कित्येक गढ्या निम्म्यावर आल्या.

नांगरताना जुनी नाणी किंवा पुरलेली वस्तू निघाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तलाठी व पोलीस पाटलांनी शेतकऱ्याला त्या कामी मदत करावी. तोफगोळ्यासारखे काही सापडले, तर हात न लावता आधी पोलिसांना सांगावे. पिंपळाचे रोप हाताने उपटून येते तोवरच ग्रामसभेने गढीचा विषय घ्यावा. नळदुर्ग राज्याचे संरक्षित स्मारक आहे. गावच्या गढीला मात्र बहुतेक ठिकाणी गावाखेरीज वाली नाही.