उपहासकाव्यातील वाक्यरचना : पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’च्या निमित्ताने

उमराव घराण्यांतील मिजास व क्षुल्लक कलह हा उपहासकाव्याचा जुना विषय होय. परंतु केवळ विषयाच्या निवडीने उपहास साधत नाही. तो भाषेच्या कोणत्या घटकातून साधतो, हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहे. अलेक्झांडर पोपचे ‘द रेप ऑफ द लॉक’ हे इंग्रजी काव्य या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

काव्यामागील प्रसंग खराच घडलेला होता. लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने अराबेला फर्मर हिच्या केसांची बट तिच्या संमतीवाचून कापली व दोन कॅथलिक घराण्यांत वितुष्ट आले. ते हसण्यावारी न्यावे, या हेतूने जॉन कॅरिल या स्नेह्याने पोपला हा विषय सुचविला. १७१२ साली दोन सर्गांत प्रसिद्ध झालेले हे काव्य १७१४ साली पाच सर्गांचे झाले. शीर्षकातील ‘रेप’ हा शब्द येथे प्रामुख्याने ‘अपहरण’ या जुन्या अर्थी आहे. महाकाव्याला शोभणारा हा शब्द केसांच्या बटेला जोडला आहे, हे ध्यानात घ्यावे.

हीच जोडणी पुढे वाक्यरचनेतही आढळते. शीलाला लागणारा डाग आणि नव्या जरीवस्त्राला पडणारा डाग यांना पोप एकच क्रियापद देतो. शृंगारमेजावरील पावडर, टिकल्या व प्रेमपत्रे यांच्या रांगेत तो बायबललाही बसवितो. ‘मानकऱ्याने पगडी आणि अब्रू सावरली’ या वाक्यावरून ही युक्ती मराठी वाचकास सहज कळेल. आपल्या दीपक अलंकारातही एकच क्रिया अनेक पदांना प्रकाशित करते. मात्र तेथे पदांतील साम्य अभिप्रेत असते, तर येथे त्यांच्या मोलातील अंतर. व्याकरणाने दोन्ही पदे समान ठरतात. ती तशी नाहीत, हे वाचकाने ओळखावयाचे असते.

ही समानता नेहमीच निरुपद्रवी असते असे नव्हे. तिसऱ्या सर्गात हॅम्प्टन कोर्टमधील पत्त्यांच्या डावाआधी पोप ओझरते सांगून जातो की, ज्यूरीची जेवणाची वेळ टळू नये म्हणून अभागी माणसे फासावर जातात. येथे जेवण आणि प्राण एकाच वाक्यात येतात, आणि हसू ओठांवरच थिजते. ज्या वर्गाला बट व अब्रू यांतील अंतर उमगत नाही, त्याच वर्गाच्या हाती न्यायदान आहे, हे या एका वाक्याने उघड होते.

१७१७ साली पोपने क्लॅरिसाच्या तोंडी एक भाषण घातले. रूप देवीच्या रोगाला अडवू शकत नाही, तेव्हा सुज्ञता राखावी, असे ती सांगते. खुद्द लॉर्ड पीटर १७१३ सालीच देवीने मरण पावला होता. तथापि काव्यात कात्री पुरविणारीही हीच क्लॅरिसा. आणि तिचा उपदेश कोणी ऐकत नाही.

सारांश, पोपचा उपहास विशेषणांत नसून ‘आणि’, ‘किंवा’ यांसारख्या उभयान्वयी अव्ययांत आहे. तो न्याहाळल्यावाचून हे काव्य केवळ एका मानिनीची थट्टा वाटेल, आणि तसे वाटणे हा त्यावर अन्याय होईल.