वर्षभराचं आयुष्य उरलेल्या पोराने गाणं लिहिलं, त्याच्या पैशातून कॅन्सरचं संशोधन उभं राहिलं

२०१२ चा मे महिना. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या लेकलँड गावचा झॅक सोबीक नुकताच १७ वर्षांचा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता फार तर वर्षभर.

झॅकला ऑस्टिओसार्कोमा होता, म्हणजे हाडांचा कॅन्सर. वयाच्या १४ व्या वर्षी खुब्यात दुखायला लागलं आणि तपासणीत हे निघालं. ऑपरेशनं झाली, केमो झाली, तरी कॅन्सर फुफ्फुसात पोहोचला. आईने सुचवलं, जवळच्या माणसांना निरोपाची पत्रं लिही. झॅकने गिटार घेतली आणि गाणी लिहिली.

त्यातलं ‘क्लाउड्स’ हे गाणं डिसेंबर २०१२ मध्ये यूट्यूबवर आलं आणि जगभर फिरलं. २० मे २०१३ ला झॅक गेला. अठरावा वाढदिवस होऊन १७ दिवस झाले होते. त्यानंतर काही दिवसांतच गाणं आयट्यून्सवर पहिल्या नंबरला पोहोचलं. २०२० मध्ये डिस्ने प्लसवर याच नावाचा सिनेमाही आला.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. गाण्यातून आलेल्या पैशाचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

झॅक आणि त्याच्या घरच्यांनी ‘चिल्ड्रन्स कॅन्सर रिसर्च फंड’ या संस्थेत त्याच्या नावाने निधी सुरू केला होता. गाण्याची कमाई त्यात जायची. शिवाय मिनेसोटातलं केएस ९५ हे रेडिओ स्टेशन डिसेंबरमध्ये लोकांना ‘मॉल ऑफ अमेरिका’त बोलवायचं. हजारो माणसं मॉलच्या मजल्यांवर उभी राहून एका सुरात ‘क्लाउड्स’ म्हणायची. या सगळ्यातून निधी २० लाख डॉलरच्या पुढे गेला.

आता प्रश्न पडतो, अमेरिकेसारख्या देशात संशोधनासाठी एका पोराच्या गाण्याची गरज का पडावी?

कारण हा आजार दुर्मिळ आहे. अख्ख्या अमेरिकेत वर्षाला याचे साधारण हजार रुग्ण सापडतात, त्यातले निम्मे लहान मुलं आणि किशोरवयीन. एवढ्या कमी रुग्णांसाठी नवं औषध शोधायला कंपन्या सहसा पैसा ओतत नाहीत. म्हणून मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही १९७०-८० च्या दशकांपासून वापरात असलेली औषधंच आजही मुख्य उपचार आहेत. गाठ एकाच जागी असेल तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. ती फुफ्फुसात पसरली, की गणित पार बदलतं.

या निधीची मदत मिळालेलं मिनेसोटा विद्यापीठातलं एक काम भारी आहे. माशांच्या डीएनएमध्ये एक तुकडा होता, जो पूर्वी एका जागेवरून उडी मारून दुसरीकडे जाऊन बसायचा. लाखो वर्षांपूर्वी तो बंद पडला. १९९७ मध्ये याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तो दुरुस्त करून पुन्हा चालू केला. इतकी वर्षं झोपलेला तुकडा जागा झाला, म्हणून नाव ठेवलं ‘स्लीपिंग ब्युटी’.

पुढे हा तुकडा उंदरांमध्ये सोडला. तो कुठल्याही जनुकात जाऊन बसतो आणि त्याचं काम बिघडवतो. ज्या उंदरांना हाडांचा कॅन्सर झाला, त्यांच्या गाठींमध्ये तो नेमका कुठे बसलाय ते पाहिलं, की संशयित जनुकांची यादी हाती येते. ‘सेमाफोरिन ४डी’ हे नाव असंच पुढे आलं. माणसांच्या गाठींमध्येही ते वाढलेलं दिसलं. हे संशोधन २०१५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापून आलं.

अशा यादीतून लगेच गोळी तयार होत नाही. पण औषध कशावर शोधायचं, हे त्यातून कळतं. आणि हा कॅन्सर हाडांमधून फुफ्फुसात कसा पोहोचतो, याचे काही धागेही त्याच कामात सापडले. झॅकच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.