अंदाजपत्रक आणि आपला सभासद

सरकारी तिजोरींत शिल्लक पडली म्हणजे रयत सुखी, असें समजण्याची चाल जुनी आहे. ता. २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर प्रथम बोलले, त्या वेळीं सात कोटी रुपयांहून अधिक शिल्लक दाखविण्यांत आली होती. गोखल्यांनीं अभिनंदन करण्याचें नाकारलें.

त्यांचा हिशेब कोणाही कुणब्यास पटण्याजोगा होता. रुपयाचा विलायती भाव घसरला म्हणून सरकारनें कर वाढविले; १८८८ सालीं मिठावरील कर मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. पुढें रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. कर वाढविण्याचें कारण सरलें, कर मात्र राहिला. आणि त्याच सुमारास १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ येऊन गेले. तेव्हां ही शिल्लक भरभराटीची नव्हे, गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षां अधिक घेतलेल्या पैशाची, असें त्यांचें म्हणणें.

त्या काळीं सभासदास अंदाजपत्रकावर मत देतां येत नसे; १८९२ च्या कायद्यानें चर्चेची तेवढी मुभा होती. तरी मिठाचा कर १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. सर्व श्रेय भाषणांस देणें बरोबर नाहीं. पण आंकडे पचवून आलेल्या सभासदास टाळणें सरकारास जड जातें, हें खरें.

आज आपल्या आमदारास मत आहे. राज्यघटनेच्या २०३ व्या कलमान्वयें विधानसभा खात्याची मागणी मान्य करूं शकते, नाकारूं शकते किंवा कमी करूं शकते; वाढवूं शकत नाहीं. म्हणून धरणासाठीं अधिक रक्कम हवी असेल, तर अंदाजपत्रक मांडलें जाण्यापूर्वींच मंत्र्यांकडे नेट लावला पाहिजे. नंतर उरते ती कपातसूचना. नांव कपातीचें, पण उपयोग गाऱ्हाणें मांडण्याचा!

धरणगांवकरांस हें दूरचें वाटूं नये. शेजारच्या अमळनेर तालुक्यांत पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाचें काम वीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळलें. धरण एका सालच्या तरतुदीनें उभें राहत नाहीं; हप्ता अपुरा पडला कीं काम लांबतें आणि खर्च फुगतो. तेव्हां आमदार गांवीं आले म्हणजे हार घालण्याआधीं विचारावें: पाटबंधारे खात्याच्या मागणीवर आपण बोललांत काय? आणि पावसाळी व नागपूरच्या अधिवेशनांत पुरवणी मागण्या येतात, त्यांत आपल्या कामाचें नांव होतें काय?